दुसरी प्रत : अजिंठा, बाघ आणि आजचे ग्रंथालय

ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना कोणत्या वर्षी किती ग्रंथ आले, देणगी कोणी दिली आणि वास्तू केव्हा उभी राहिली, यांची नोंद आवर्जून केली जाते. काय गेले आणि का गेले, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. वस्तुतः जे नाहीसे झाले त्याचा इतिहास हा जे टिकले त्याच्या इतिहासाइतकाच बोधप्रद असतो. ग्रंथ, चित्र वा शिलालेख नष्ट का झाला याची कारणे अनेक संभवतात. परंतु तो कायमचा नष्ट का झाला याचे कारण बहुधा एकच असते : त्याची दुसरी प्रत नव्हती, किंवा होती ती पहिलीच्याच शेजारी ठेवलेली होती.

आज अनेक ग्रंथालयांचा दुर्मिळ संग्रह संगणकीय प्रतिमांच्या रूपाने ‘क्लाउड’वर, म्हणजे दूरस्थ संगणकांवर ठेवला जात आहे. ही सोय मोठीच आहे. तथापि तिच्याबरोबर एक जुनाच प्रश्न नव्या वेषात पुढे आला आहे. दूर ठेवलेल्या संग्रहाची एक प्रत स्वतःच्या कपाटात असावी की नसावी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्र आणि माळवा या दोन प्रदेशांच्या इतिहासात पुरेशी सामग्री आहे.

अजिंठ्याच्या तीन आगी

१८१९ साली अजिंठ्याची लेणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली. चित्रांची झीज थांबविण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नसल्यामुळे त्यांच्या प्रतिकृती करून ठेवाव्यात असा विचार पुढे आला आणि १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची त्या कामावर नेमणूक केली. गिल यांनी जवळजवळ वीस वर्षे अजिंठ्याच्या रानात राहून मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत ही चित्रे उतरविली. तयार होतील तसतशी ती लंडनला रवाना होत. पुढे ती सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनार्थ मांडण्यात आली आणि डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत भस्मसात झाली. प्रदर्शनात न मांडलेली, बोटांवर मोजण्याइतकी चित्रे काय ती वाचली. जळालेल्यांपैकी काहींची कल्पना येते ती १८५६ साली प्रसिद्ध झालेल्या श्रीमती स्पीअर यांच्या प्राचीन भारतविषयक पुस्तकातील लहान लहान छापील आकृत्यांवरून. भव्य कापडे गेली, पण अनेक घरी विखुरलेल्या पुस्तकाचे पान टिकले. गिल यांचा १८७९ मध्ये भुसावळ येथे अंत झाला.

या हानीनंतर मुंबई सरकारने हे काम पुन्हा हाती घेतले. १८७२ पासून मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह हंगामामागून हंगाम अजिंठ्यास जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले चित्रकार या पथकात होते. १८८५ पर्यंत सुमारे तीनशे चित्रे सिद्ध झाली आणि तीही लंडनलाच, साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात पाठविण्यात आली. १८८५ सालीच तेथे आग लागली आणि त्यांतील फार मोठा भाग नष्ट झाला. गिल यांचे काम जळाले म्हणून ग्रिफिथ्स यांचे काम सुरू झाले होते. परंतु पहिल्या आगीपासून घ्यावयाचा धडा घेतला गेला नव्हता. चित्रे मुंबईत निर्माण झाली, पण त्यांचा पूर्ण संच मुंबईत राहिला नाही. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६–९७ मध्ये छापून निघाला, आणि जळालेल्या कितीतरी चित्रांची आठवण आज त्या छापील पानांमुळेच शिल्लक आहे.

तिसरी घटना जपानमधील आहे. अराई कांपो या जपानी चित्रकाराने पहिल्या महायुद्धाच्या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती तयार केल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवलेल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ च्या भीषण भूकंपात आणि त्यानंतरच्या अग्निप्रलयात त्या नाहीशा झाल्या.

साठ वर्षांहून कमी काळात तीन वेळा केलेले श्रम अशा रीतीने वाया गेले. यांपैकी कोणतेही स्थान असुरक्षित वा उपेक्षित नव्हते. क्रिस्टल पॅलेस, साउथ केन्सिंग्टन आणि टोकियोचे विद्यापीठ ही त्या त्या काळातील अत्यंत प्रतिष्ठित स्थाने होती. तेथे ठेवलेली वस्तू सुरक्षित आहे असे मानण्यात कोणाचीही चूक झाली असे म्हणता येणार नाही. चूक झाली ती तेवढ्यावर विसंबण्यात. आणि आश्चर्य असे की ज्यांच्या नाशाच्या भीतीने हा सारा खटाटोप झाला, ती अजिंठ्याची मूळ भित्तिचित्रे झिजलेल्या अवस्थेत का होईना, आजही जागेवर आहेत.

गंधवानीच्या शेजारी

विंध्याच्या डोंगररांगा जेथे नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागतात, त्या धार जिल्ह्याच्या भागात गंधवानी, बाघ आणि कुक्षी ही गावे आहेत. वस्ती मुख्यतः भिल्ल-भिलालांची. धार व देवास येथे पवारांची राज्ये होती. बाघचा मुलूख मात्र ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या अमझेरा जिल्ह्यात मोडत असे. १९४८ मध्ये ही सर्व संस्थाने मध्यभारतात विलीन झाली.

या टापूतील बाघची लेणी अजिंठ्याची धाकटी बहीण म्हणून ओळखली जातात. १८१८ मध्ये लेफ्टनंट डेंजरफील्ड यांनी त्यांची माहिती प्रथम प्रसिद्धीस आणली. मूळच्या नऊ लेण्यांपैकी निम्मीच आज पाहण्याजोगी आहेत, कारण येथील खडक अजिंठ्यासारखा काळा कातळ नसून ठिसूळ वालुकाश्म आहे. छते कोसळली, खांब ढासळले. चौथ्या लेण्यास ‘रंगमहाल’ म्हणतात. त्याच्या बाहेरच्या ओसरीचे छप्पर पडल्यामुळे भिंतीवरील चित्रे ऊन-पावसाला उघडी पडली होती. टिपऱ्यांच्या तालावर फेर धरणाऱ्या स्त्रिया, शोकमग्न स्त्री आणि तिची सखी, हत्तीघोड्यांची मिरवणूक असा तो चित्रपट होता.

ग्वाल्हेर संस्थानाने १९१३ मध्ये पुरातत्त्व खाते काढले व त्याची धुरा मोरेश्वर बळवंत गर्दे या मराठी विद्वानाकडे सोपविली. ही चित्रे फार काळ टिकणार नाहीत हे ओळखून दरबारने १९२१ च्या सुमारास नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर या बंगाली कलावंतांना पाचारण केले. त्यांच्याबरोबरच आपटे, भोसले, भांड आणि जगताप या मराठी आडनावांच्या चित्रकारांनीही या प्रती करण्याचे काम केले. बोस आणि हालदार यांनी तत्पूर्वी लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्यास काम केलेले होते.

बाघच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. पहिली अशी की या प्रतींना ग्वाल्हेरच्या संग्रहालयात, म्हणजे त्याच राज्यात, घर मिळाले. दुसरी अशी की १९२७ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने मार्शल, गर्दे, व्होगेल, हॅवेल आणि कझिन्स यांच्या लेखांसह त्या चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुकुल डे यांचे अजिंठा व बाघच्या यात्रेचे स्वतंत्र पुस्तक १९२५ मध्येच निघाले होते. तेव्हा मूळ चित्र बाघच्या भिंतीवर, हातची प्रत ग्वाल्हेरला आणि छापील प्रत देशोदेशींच्या ग्रंथालयांत, अशी तीन ठिकाणी तीन रूपांत ती विभागली गेली.

या दूरदृष्टीचे मोल पुढे कळले. १९८२ पासून भिंतीवरील उरलीसुरली चित्रे गिलाव्यासह काढून त्यांवर प्रक्रिया करण्यात आली व ती ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयात नेण्यात आली. मूळ भिंत आज जवळपास रिकामी आहे. रंगमहालाच्या भिंतीवर एकेकाळी काय होते, हे अभ्यासकाला पाहावयाचे असेल तर त्याला १९२१ च्या प्रतींकडे वळावे लागते. प्रत करणाऱ्यांच्या मनात स्पर्धा मूळ चित्राशी नव्हती. परंतु काळाने त्या प्रतीलाच साक्षीदार केले.

धारचा अर्धा नाट्यग्रंथ

बाघपासून धार फार दूर नाही. परमारांच्या या राजधानीत ग्रंथ दगडावर कोरून ठेवण्याची प्रथा होती. कागद वा ताडपत्रापेक्षा शिळा अधिक टिकाऊ, ही त्यामागील धारणा. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना १९०३ मध्ये भोजशाळा–कमाल मौला वास्तूत असाच एक शिलालेख आढळला. तेराव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या अर्जुनवर्मा या परमार राजाचा राजगुरू मदन याने रचलेली ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका त्यावर ब्याऐंशी ओळींत कोरलेली आहे. हुल्श यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात ती प्रसिद्ध केली.

नाटिका चार अंकांची. या शिळेवर त्यांतील पहिले दोनच अंक आहेत. उरलेले दोन अंक दुसऱ्या शिळेवर असले पाहिजेत. ती शिळा मिळालेली नाही आणि त्या अंकांची हस्तलिखित पोथीही कोठे आढळलेली नाही. दगड न झिजता टिकला, अक्षरे सुवाच्य राहिली, तरीही ग्रंथ अर्धाच उरला. ‘टिकाऊ माध्यम’ आणि ‘सुरक्षित ग्रंथ’ या दोन गोष्टी एकच नव्हेत, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

याउलट राजा भोजाच्या ‘शृंगारप्रकाश’ या प्रचंड ग्रंथाची कथा पाहावी. छत्तीस प्रकाशांचा हा साहित्यशास्त्रीय ग्रंथ माळव्यात रचला गेला, पण आधुनिक अभ्यासकांच्या हाती तो मुख्यतः दक्षिणेतून आला. मल्याळम लिपीतील ताडपत्रांवरून उतरविलेली त्याची प्रत मद्रासच्या शासकीय हस्तलिखित ग्रंथालयात होती आणि तिच्या आधारे डॉ. व्ही. राघवन यांनी आपला विख्यात अभ्यास सिद्ध केला. कोण्या अज्ञात लेखनिकाने शेकडो कोस दूर ही प्रत उतरविली, म्हणून भोजाचा ग्रंथ वाचला. गुजरातच्या सिद्धराज जयसिंहाने बाराव्या शतकात माळवा जिंकला तेव्हा अवंतीतील ग्रंथ पाटणला गेले आणि त्यांतील भोजाचे व्याकरण पाहून राजाने हेमचंद्राकडून नवे व्याकरण रचविले, अशी कथा ‘प्रभावकचरित’ सांगते. ग्रंथ परमुलखात जगले. स्वतःच्या नगरीत मात्र त्यांची प्रत उरली नाही.

अजिंठ्याची प्रत दूर होती, जवळ नव्हती. ‘पारिजातमंजरी’ची प्रत जवळ होती, दूर नव्हती. दोन्ही घटनांचे तात्पर्य एकच निघते. दूरची प्रत जवळच्या आपत्तीपासून वाचविते आणि जवळची प्रत दूरच्या आपत्तीपासून. एकीने दुसरीचे काम होत नाही.

माळव्यातच सीतामऊचे महाराजकुमार रघुबीरसिंह (१९०८–१९९१) यांनी हे तत्त्व आचरणात आणले. सर जदुनाथ सरकार यांचे हे शिष्य. माळव्याच्या इतिहासाची फारसी साधने युरोपातील संग्रहांत आहेत आणि प्रत्येक अभ्यासकाला तेथे जाणे शक्य नाही, हे जाणून त्यांनी त्यांच्या छायाप्रती व मायक्रोफिल्म मागवून आपल्या लहानशा गावी जमविल्या. कोट्याच्या गुळगुळे दफ्तरातील मराठी कागदांच्या नकलाही त्यांच्या संग्रही आल्या. दूरदेशी सुरक्षित असलेल्या साधनाची स्थानिक प्रत ठेवण्याचा हा उपक्रम आज नटनागर शोध संस्थानाच्या रूपाने उभा आहे.

ढगातील संग्रह

हाच प्रश्न एकविसाव्या शतकात पुन्हा उपस्थित झाला. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात देशभरातील ग्रंथालयांतील लाखो जुन्या पुस्तकांच्या संगणकीय प्रतिमा घेण्यात आल्या. मराठी ग्रंथांची संख्याही त्यांत लक्षणीय होती. अनेक मराठी वाचकांना एकोणिसाव्या शतकातील पुस्तक घरबसल्या पाहावयास मिळाले ते प्रथम येथेच. २०१७ च्या सुमारास हे संकेतस्थळ बंद झाले. काही पुस्तकांच्या स्वामित्वहक्काचा प्रश्न त्यात होता आणि तो रास्तही होता. परंतु हक्कमुक्त पुस्तकेही त्याबरोबर दिसेनाशी झाली. सुदैवाने कार्ल मालामुद या अमेरिकी कार्यकर्त्याने तत्पूर्वीच त्यांतील चार लाखांहून अधिक पुस्तके उतरवून ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर ठेविली होती. आज मराठीचा संशोधक त्या प्रतींवर निर्वाह करतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर हल्ला होऊन ते काही दिवस बंद होते. त्या दिवसांत ज्या ग्रंथालयाने आवश्यक पुस्तके स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतली होती, त्याच्या वाचकाचे काम अडले नाही.

याहूनही गंभीर घटना २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे घडली. राष्ट्रीय माहिती केंद्रात बॅटऱ्यांमुळे आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ज्यात साठविली जात ती ‘जी-ड्राइव्ह’ ही यंत्रणा जळाली. तिच्यात ८५८ टेराबाइट मजकूर होता. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर दुसरी प्रत ठेवली गेली नव्हती. काही खात्यांत तर कामाचे कागद कार्यालयातील संगणकावर न ठेवता या केंद्रीय साठ्यातच ठेवावेत असा दंडक होता. संगणकविद्येत जगाच्या पुढे असलेल्या राष्ट्रात, केंद्रीय व्यवस्थेवरील पूर्ण विश्वासातून हे घडले. क्रिस्टल पॅलेस आणि देजॉन यांच्यात एकशे एकोणसाठ वर्षांचे अंतर आहे. हानीचे कारण मात्र तेच आहे. ‘क्लाउड’ हे नाव वायुरूप असले तरी तो साठा कोणत्या तरी गावातील कोणत्या तरी इमारतीत, विजेवर चालणाऱ्या यंत्रांत असतो.

ग्रंथालयाचे कर्तव्य

या इतिहासावरून ग्रंथालयांसाठी काही व्यावहारिक नियम निघतात. संगणकक्षेत्रातील जाणकार ‘तीन-दोन-एक’ असे सूत्र सांगतात : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी. बाघच्या चित्रांना हे सूत्र १९२७ सालीच लाभले होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणकावरील फाइल आणि क्लाउडवरील फाइल आपोआप एकसारख्या राखणारी सोय अनेक ठिकाणी वापरली जाते. तिला सुरक्षित प्रत समजणे चूक आहे. एका बाजूस फाइल चुकून पुसली गेली वा बिघडली की तोच बदल दुसऱ्या बाजूसही होतो. आरशातील प्रतिबिंब ही दुसरी प्रत नव्हे. स्वतंत्र हार्ड डिस्कवर ठरावीक तिथीस उतरविलेली आणि नंतर संगणकापासून वेगळी करून ठेवलेली प्रत हीच खरी प्रत होय. क्लाउड सेवा देणाऱ्या बहुतेक संस्था संपूर्ण साठा एकदम उतरवून घेण्याची सोय देतात. गूगलची अशी सोय २०११ पासून उपलब्ध आहे. खाते चालविणारा कर्मचारी निवृत्त झाला, परवलीचा शब्द कोणास ठाऊक नाही आणि वर्गणी भरावयाची राहिली, एवढ्यानेही संग्रह हातचा जाऊ शकतो. त्यासाठी आगच लागावी लागते असे नाही.

उतरविलेली प्रत ताडून पाहणे हे दुसरे कर्तव्य. पोथी लिहून झाल्यावर ती मूळ पोथीशी मिळवून शोधण्याची जुन्या लेखनिकांची रीत होती. संगणकात हेच काम प्रत्येक फाइलच्या आकडेवजा ठशाने करता येते. मूळ आणि प्रत यांचे ठसे जुळले म्हणजे एकही अक्षर गळलेले नाही याची खात्री पटते. त्याहूनही सोपी कसोटी म्हणजे वर्षातून एकदा डिस्क जोडून त्यातील काही पुस्तके प्रत्यक्ष उघडून पाहणे. हार्ड डिस्क ही शिळा नव्हे; काही वर्षांनी ती बदलून नवी घ्यावीच लागते. तेव्हा जुनी मोडीत काढण्यापूर्वी नवीवरील मजकूर तपासणे अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट यादीची. कोणत्या डिस्कवर काय आहे, ते केव्हा उतरविले, मूळ ग्रंथ कोणत्या कपाटात आहे, याची कागदावरील नोंदवही असावी. ‘पारिजातमंजरी’चे दोन अंक हरवले आहेत हे कळले ते उरलेल्या शिळेवर नाटिकेचे अंक चार असल्याचा उल्लेख आहे म्हणून. यादी असेल तर निदान काय गमावले ते कळते. ती नसेल तर गमावल्याचेही भान राहत नाही.

या कामास खर्च फार येत नाही. एका मध्यम ग्रंथालयाचा सारा दुर्मिळ संग्रह प्रतिमांच्या रूपाने दोन-तीन हार्ड डिस्कांत मावतो आणि त्या डिस्कांची किंमत पुस्तकांच्या एका कपाटाहून अधिक नसते. एक डिस्क ग्रंथालयाच्या तिजोरीत, दुसरी परगावच्या स्नेही ग्रंथालयाकडे, आणि त्या ग्रंथालयाची आपल्याकडे, अशी देवघेव मराठी ग्रंथालयांना सहज करता येईल. पूर पुण्यास आला तर तो त्याच दिवशी इंदूरला येत नाही.

कपाटात पडलेल्या डिस्कसाठी कोणी टाळ्या वाजवीत नाही आणि तिच्या अनावरणाचा समारंभही होत नाही. म्हणूनच कार्यकारिणीच्या वार्षिक सभेत जमाखर्चाच्या तपासणीबरोबरच प्रतींच्या तपासणीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर दरवर्षी असावा. हिशेब तपासणारा जसा नेमला जातो, तसा प्रती तपासणाराही सभासदांतूनच नेमला जावा, आणि त्याने डिस्क उघडून पाहिल्याची तारीख व सही नोंदवहीत करावी.